मातीतील तंतू : चिचगड परिसराच्या संदर्भात नैसर्गिक तंतूंच्या साहाय्याने होणाऱ्या मृदा-मजबुतीकरणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बांधकामात मातीला बळकटी आणण्यासाठी तिच्या थरांमध्ये जे कापड अंथरले जाते त्यास अभियांत्रिकीच्या परिभाषेत भूवस्त्र अर्थात जिओटेक्स्टाईल असे म्हणतात. हा शब्द अलीकडचा होय. फ्रेंच अभियंता जे. पी. जिरू यांनी १९७७ मध्ये पॅरिस येथील परिषदेच्या निमित्ताने तो रूढ केला. शब्द नवा असला तरी कृती मात्र फार जुनी आहे. माती आणि तंतू यांचा संयोग मनुष्याने शेतीइतक्याच प्राचीन काळापासून साधलेला दिसतो. असे असूनही या विषयाचा इतिहास सांगताना बहुतेक ग्रंथ प्राचीन इराकमधून निघतात, चीनच्या भिंतीला स्पर्श करतात आणि तेथून थेट विसाव्या शतकातील युरोपात पोहोचतात. मधला मोठा प्रदेश, विशेषतः धान पिकविणारा भारत, या कथनात जवळजवळ नाहीच.

प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड व त्याभोवतीचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून या विषयाचा विचार केला आहे. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील, छत्तीसगडला लागून असलेला हा जंगलाचा आणि धानाच्या बांध्यांचा मुलूख आहे. ब्रिटिश काळात चिचगड ही भंडारा जिल्ह्यातील एक जमीनदारी होती. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. या परिसराची निवड करण्याचे कारण असे की, मातीच्या बांधकामाच्या अनेक पिढ्या येथे एकाच शिवारात पाहावयास मिळतात. तणस मिसळून घातलेल्या मातीच्या भिंती, मालगुजारांच्या काळातील तलावांच्या पाळी, नाल्यांवर पोती रचून केलेले बंधारे आणि अलीकडच्या ग्रामसडका, हे सर्व एका दिवसाच्या पायपिटीत दिसते.

नैसर्गिक तंतू मातीत कुजतो, हा त्याचा दोष मानून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यास बाजूला सारण्यात आले. येथे असे प्रतिपादन करावयाचे आहे की, या कुजण्याचा हिशेब जुन्या व्यवस्थेत आधीच धरलेला होता. किती पावसाळ्यांनी काय बदलावे लागेल, कोणी बदलावे आणि त्याचा मोबदला काय, हे गावात ठरलेले असे. तंतू दुबळा ठरला त्याआधी ही व्यवस्था मोडली. आज नैसर्गिक भूवस्त्रांचे पुनरागमन होत असताना हा क्रम लक्षात घेणे आवश्यक आहे.

मातीला तंतूची गरज का भासते :

माती दाब सहन करते, ताण सहन करू शकत नाही. ढिगावर वजन ठेवले तर ती दबते आणि घट्ट होते. परंतु तिला दोन्ही बाजूंनी ओढले तर तिच्या कणांना एकत्र धरून ठेवणारे फारसे काही नसते. म्हणूनच बांध फुगतो, उतार घसरतो, भिंतीला सुकताना भेगा पडतात. मातीत तंतू आला की कणांचे आणि तंतूचे घर्षण होते व ओढ तंतूवर जाते. तंतू सुटा मिसळलेला असो, दोराच्या रूपाने असो वा विणलेल्या कापडाच्या रूपाने असो, तत्त्व हेच. विणलेल्या कापडाचा आणखी एक उपयोग आहे. रस्त्याखाली चिकणमाती असेल तर पावसाळ्यात वरची गिट्टी खाली रुतते आणि खालचा चिखल वर येतो. मध्ये कापड असले तर हे दोन थर वेगळे राहतात आणि पाणी मात्र झिरपून जाते.

यातील महत्त्वाची बाब काळाशी संबंधित आहे. मऊ मातीवर भार आला की तिच्यातील पाणी हळूहळू निघून जाते आणि ती स्वतःच मजबूत होत जाते. कापडाची खरी गरज या सुरुवातीच्या काळातच असते. आंध्र प्रदेशातील काकीनाडा बंदराच्या परिसरात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मऊ मातीवर तागाचे कापड अंथरून रस्ता करण्यात आला. तेथे ताग काही महिन्यांत कुजला, तथापि खालची माती तोपर्यंत निथरून घट्ट झाली होती. उतारावरही हेच घडते. जाळी कुजेपर्यंत गवताची मुळे तिची जागा घेतात. तंतूचे काम संपणे आणि तंतू संपणे या दोन घटना एकाच सुमारास घडल्या तर तो तंतू अपयशी ठरला असे म्हणता येणार नाही.

पुराव्याचा प्रश्न :

मातीतील तंतूचा इतिहास लिहिण्यातील मोठी अडचण म्हणजे तो कुजतो आणि पुरावाही सोबत घेऊन जातो. जेथे कोरडे हवामान असते तेथेच तो टिकतो. बगदादजवळील अकरकूफ येथे कॅसाइट राजा कुरिगाल्झू याने इसवी सन पूर्व चौदाव्या शतकाच्या सुमारास बांधलेल्या मनोऱ्याचा कच्च्या विटांचा गाभा आजही पन्नास मीटरहून अधिक उंच उभा आहे. त्याच्या विटांच्या थरांमध्ये ठरावीक अंतराने बोरूच्या चटया आणि वळलेले जाड दोर घातलेले आढळतात. चीनमध्ये दुनहुआंगजवळ हान काळातील भिंतीत रेती-गोटे आणि बोरू यांचे थर एकाआड एक दिसतात. दोन्ही ठिकाणे वाळवंटी प्रदेशातील आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे इतिहासाची पुस्तके तेथूनच का सुरू होतात याचा उलगडा होतो. वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या धानाच्या प्रदेशाकडून तीन हजार वर्षे टिकलेल्या चटईची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

महाराष्ट्रात मात्र एक अपवाद आहे आणि तो लेण्यांच्या अंतर्भागात सुरक्षित राहिला. अजिंठा व वेरूळ येथील भित्तिचित्रे ज्या गिलाव्यावर काढली गेली तो गिलावा मातीत वनस्पतींचे तंतू व भुसा मिसळून केलेला आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे मॅनेजर राजदेव सिंग आणि औरंगाबाद येथील विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्याची तपासणी करून २०१६ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार वेरूळच्या मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते. अजिंठ्याच्या गिलाव्याला कीटकांचा मोठा उपद्रव झाला. वेरूळ येथे तो तसा झालेला नाही, आणि त्याचे श्रेय या संशोधकांनी त्या तंतूला दिले आहे. म्हणजे कोणता तंतू मातीत घालावा याची निवड केवळ सोयीने होत नव्हती. तंतूच्या गुणांची पारख कारागिरांना होती, असे मानण्यास येथे सबळ आधार मिळतो.

येथे नावांविषयी एक खुलासा करणे भाग आहे. मराठीत 'ताग' हा शब्द दोन वनस्पतींना लावला जातो. एक म्हणजे आपल्याकडे पूर्वापार पेरला जाणारा, पिवळ्या फुलांचा ताग, ज्यास सण असेही म्हणतात. दुसरा बंगालमधील ज्यूट. अंबाडी ही या दोहोंहून वेगळी. तिची पाने आपण भाजीला वापरतो आणि खोडाचा वाख काढून दोर वळतो. इंग्रजी कागदपत्रांत या सर्वांना आणि भांगेच्या झाडालाही सरसकट हेंप म्हटले आहे. दख्खनची म्हणून अंबाडीला व्यापारात 'डेक्कन हेंप' हे नाव मिळाले, तर मध्य प्रांतातील सण शिवनी आणि जबलपूर यांच्या नावाने विकला जाई. त्यामुळे जुन्या नोंदीत हेंप हा शब्द आला की कोणते झाड अभिप्रेत आहे हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. अभ्यासकाची यात पुष्कळ दमछाक होते.

घर, कणगी आणि पाळ :

चिचगड परिसरातील जुन्या घरांच्या भिंती दोन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार गाऱ्याच्या जाड भिंतीचा. माती भिजवून, तीत धानाचे तणस तोडून टाकून, पायांनी तुडवून ती मुरू दिली जाते व मग थरावर थर चढविले जातात. एक थर वाळल्याशिवाय दुसरा घालायचा नाही, हा नियम. तणसामुळे भिंत सुकताना पडणाऱ्या भेगा आवरतात. दुसरा प्रकार कुडाचा. बांबूच्या कामट्यांची ताटी विणून तिच्यावर दोन्ही अंगांनी माती व शेण लिंपले जाते. ज्या कणगीत धान साठवायचे ती कणगीदेखील हीच रचना होय. बांबूचे विणकाम ताण घेते आणि मातीचा लेप दाब व ओल सांभाळतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला प्रबलित मातीचे तत्त्व समजावून सांगायचे झाल्यास घरातील कणगीपेक्षा सोपे उदाहरण सापडणार नाही. आपल्या पाठ्यक्रमांना मात्र फ्रेंच अभियंता आंरी विदाल यांनी १९६० च्या दशकात एकस्व घेतलेली लोखंडी पट्ट्यांची 'प्रबलित माती' आधी आठवते.

या भिंतींना दरवर्षी पावसाळ्यानंतर लिंपण करावे लागे. दिवाळीपूर्वीचे सारवण-लिंपण हा सण साजरा करण्याचा भाग असला तरी स्थापत्याच्या दृष्टीने ती वार्षिक दुरुस्तीच आहे. ती प्रामुख्याने स्त्रियांच्या श्रमावर चाले आणि तिचा हिशेब कोणत्याही वहीत नसे.

तलावांची गोष्ट निराळी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मालगुजारी तलावांची संख्या सुमारे सात हजार इतकी सांगितली जाते. यांतील अनेक मोठ्या तलावांच्या निर्मितीचे श्रेय कोहळी समाजाकडे जाते. नवेगाव बांध येथील विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. त्यांना कोलासूर देव म्हणून देवत्व प्राप्त झाले आणि तलावाभोवतीच्या टेकड्या सात बहिणी म्हणून ओळखल्या जातात. बांधणाऱ्याला देव करणारा समाज त्या बांधकामाकडे कशा दृष्टीने पाहत असेल, हे निराळे सांगावयास नको.

तलावाची पाळ ही कुटलेल्या मातीची असते आणि तिच्या उतारांना जे धरून ठेवते ते गवत. गवताची मुळे म्हणजे मातीत आपोआप पसरलेले, दर पावसाळ्यात नवे होणारे तंतूच होत. भूवस्त्राच्या जाळीने जे काम पहिली एक-दोन वर्षे करायचे, तेच काम पाळीवर मुळे कायम करीत राहतात. अर्थात त्यासाठी पाळीवर मोठी झाडे वाढू न देणे, उंदीर-खेकड्यांची बिळे बुजविणे, खचलेल्या जागी माती घालून पुन्हा कुटणे आणि गुरांची वाट ठरवून देणे ही कामे कोणीतरी करीत राहावी लागतात. मालगुजारी व्यवस्थेत या कामांची जबाबदारी मालगुजारावर असे व गावकऱ्यांचे श्रम त्यात धरलेले असत. पाण्याच्या वाटपाचे, निस्ताराचे आणि दुरुस्तीचे रिवाज जमाबंदीच्या वेळी वाजिब-उल-अर्ज या कागदात नोंदविले जात. ही व्यवस्था समतेची होती असा दावा येथे मुळीच नाही. मालगुजाराच्या शब्दाला नकार देणे गरीब कुळाला परवडणारे नव्हते, आणि त्या श्रमात वेठीचा अंश होता हे नाकारता येत नाही. तरीही पाळ कोणाची आणि फुटली तर जाब कोणाला विचारायचा, हे गावातील प्रत्येकाला माहीत होते.

तंतू पुरविणाऱ्यांचे स्थान :

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये लंडन येथून प्रसिद्ध झाला. त्यात कोहळ्यांचे वर्णन तलाव बांधण्यातील कौशल्याच्या गौरवाने आले आहे. त्याच ग्रंथात कुमरावत किंवा पटबिना या नावाने एका जातीची नोंद आहे, जी सण पिकवून त्याचे गोणपाट विणीत असे. शेतकरी जातींमध्ये सणाची लागवड कमीपणाची मानली जाई, असे या ग्रंथातील नोंदींवरून दिसते. खोड पाण्यात कुजवून वाख काढण्याची घाण प्रक्रिया, त्यात होणारी जीवहत्या, अशी कारणे त्यामागे असावीत. बांबूच्या ताट्या, तट्टे, कणग्या विणणारे बुरूड हेही गावाच्या उतरंडीत खालीच होते.

ही बाब या विषयाच्या इतिहासासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. पाळ बांधणाऱ्याचे नाव राहिले, भिंतीतील ताटी विणणाऱ्याचे राहिले नाही. तंतू मातीखाली झाकला जातो आणि ज्याने तो विणला तो समाजरचनेत झाकला जातो. नैसर्गिक तंतूंच्या वापराविषयी भारतीय लिखित साधने इतकी मूक का आहेत, याचे उत्तर केवळ पावसाळी हवामानात शोधणे पुरेसे होणार नाही.

गोणपाट, युद्ध आणि रस्ता :

विणलेला तंतू आणि माती यांचा औद्योगिक प्रमाणावरील संबंध बंगालच्या तागामुळे आला. कलकत्त्याजवळ रिश्रा येथे १८५५ मध्ये पहिली ताग गिरणी सुरू झाली. पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकांच्या भिंतींसाठी या गिरण्यांतून कोट्यवधी पोती युरोपात गेली. मातीने भरलेले पोते म्हणजे कापडाने बांधलेली माती. गोळी अडविण्याइतकी घट्ट आणि दोन माणसे सहज उचलतील इतकी हलकी. या पोत्यांचा सर्वांत मोठा शत्रू ओल हाच होता व ती वारंवार बदलावी लागत.

युद्ध संपले आणि मागणी ओसरली. १९२० मध्ये स्कॉटलंडमधील डंडी या ताग गिरण्यांच्या शहरात रस्त्याखाली तागाचे कापड घालून पाहण्यात आले. १९३४ मध्ये कलकत्त्याच्या स्ट्रँड रोडवर तसाच प्रयोग झाला. दरम्यान १९२६ पासून अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्याने रस्त्यांच्या थरांत सुती कापड वापरण्याचे प्रयोग आरंभिले होते. डंडी व कलकत्ता ही तागाची शहरे आणि साउथ कॅरोलिना कापसाचा प्रांत. हा योगायोग मानणे कठीण आहे. ज्याच्याकडे जो माल पडून होता, तो त्याने मातीत घालून पाहिला, असेच या प्रयोगांचे स्वरूप दिसते. रस्त्याच्या गरजेपेक्षा गिरणीची गरज त्यात अधिक होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यामुळेच कृत्रिम धागा स्वस्त होताच हे प्रयोग मागे पडले. १९५३ च्या महापुरानंतर नेदरलँड्सने समुद्रकिनाऱ्याच्या संरक्षणाची जी प्रचंड कामे हाती घेतली त्यांत नायलॉनची जाळी व पोती आली, आणि १९७० च्या दशकापर्यंत भूवस्त्र म्हणजे प्लॅस्टिकचे कापड हे समीकरण रूढ झाले.

भारतात १९४७ च्या फाळणीने तागाची बहुतांश शेती पूर्व पाकिस्तानात आणि गिरण्या कलकत्त्यात अशी विचित्र विभागणी झाली. तुटवडा भरून काढण्यासाठी अंबाडी वर्गातील पिकांना उत्तेजन देण्यात आले. परंतु त्याचा लाभ मुख्यत्वे आंध्र व बंगालकडे गेला. चिचगडसारख्या भागात अंबाडी परसात आणि बांधावरच राहिली, दोर-दाव्यापुरती. पुढे नायलॉनचा दोर आठवडी बाजारात आला आणि तेही कारण उरले नाही.

पाळीची मालकी :

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा, १९५० अन्वये ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी व जमीनदारी हक्क शासनाकडे आले. चिचगडची जमीनदारीही त्यातच संपली. शेतीच्या मालकीच्या दृष्टीने हे पाऊल न्याय्य आणि अटळ होते. तलावांच्या बाबतीत मात्र हक्क गेला आणि कर्तव्य हवेत राहिले. तलाव शासनाचे झाले, 'माजी मालगुजारी' हे बिरुद त्यांना चिकटले आणि लोकांच्या तोंडी ते 'मामा तलाव' झाले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यानंतर लहान तलाव त्यांच्याकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे, अशी विभागणी झाली. पाणी मोफत वापरण्याचा जुना निस्तार हक्क आणि नवी पाणीपट्टी यांचा वाद अनेक वर्षे चालला. ज्या पाण्यासाठी कर मागितला जातो त्या पाण्याच्या पाळीवर आपण फुकट माती का टाकावी, हा शेतकऱ्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

परिणाम पाळींवर दिसतो. गवताच्या जागी बेशरम व इतर झुडपे वाढली, गाळ साचला, सांडव्याजवळचे उतार खचले. दुरुस्ती आता अंदाजपत्रक, मंजुरी व निविदा या मार्गाने येते. खचलेला कोपरा आषाढात दिसतो आणि मंजुरी, आली तर, पुढील वर्षीच्या मार्चमध्ये येते. दरवर्षी थोडी दुरुस्ती मागणारे बांधकाम दहा वर्षांतून एकदा मोठी दुरुस्ती देणाऱ्या यंत्रणेच्या हाती गेले, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल.

नाल्यातील पोती :

वरील पार्श्वभूमीवर एक नवी प्रथा विशेष लक्षणीय ठरते. मोहन धारिया यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या वनराई संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा 'वनराई बंधारा' महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचला. पावसाळा ओसरला की रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून, ती विटांसारखी सांधे चुकवून नाल्यात रचायची व वाहते पाणी अडवायचे, अशी ही साधी रचना. काम श्रमदानाने होते. कृषी विभाग, ग्रामपंचायती, शाळा-महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची पथके, सर्वजण त्यात सहभागी होतात. देवरी तालुक्यातील नाल्यांवरही असे बंधारे घातले जातात. हे कापडाने बांधलेल्या मातीचेच बांधकाम आहे, आणि दरवर्षी नव्याने करावे लागते म्हणून जुन्या वार्षिक दुरुस्तीच्या परंपरेला अधिक जवळचे आहे.

फरक पोत्यात आहे. सिमेंट पूर्वी तागाच्या गोणीत येत असे. तागाच्या पिशव्यांचा वापर अनिवार्य करणारा १९८७ चा केंद्रीय कायदा झाला तेव्हा सुरुवातीच्या आदेशांत सिमेंटचाही समावेश होता. पुढे सिमेंट त्यातून वगळले गेले आणि आज ही सक्ती प्रामुख्याने अन्नधान्य व साखरेपुरती उरली आहे. त्यामुळे बंधाऱ्यासाठी मिळणारे रिकामे पोते आता प्लॅस्टिकचेच असते. ज्या बंधाऱ्याची गरज कार्तिकापासून फार तर फाल्गुन-चैत्रापर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, त्यासाठी कित्येक दशके न कुजणारा धागा वापरला जातो. मृग नक्षत्रातील पहिल्या पुरात बंधारा वाहून जातो, ते अपेक्षितच असते. माती मातीत मिळते, पोत्यांच्या चिंध्या मात्र नाल्याच्या काठच्या मुळांना आणि पुढे बांध्यांच्या धुऱ्यांना अडकून राहतात. उन्हाने त्यांचे तुकडे होतात आणि ते चिखलणीच्या वेळी पायाखाली येतात.

याच गावांत तागाचे पोते दुर्मिळ आहे असेही नाही. आधारभूत किमतीने धान खरेदी करणाऱ्या केंद्रांवर ते येते. बारदान्याचा तुटवडा झाला, खरेदी थांबली, ही बातमी गोंदिया जिल्ह्यातील वाचकांना हंगामागून हंगाम वाचावयास मिळते. वापरून फाटलेला बारदाना केंद्रांवर व राइस मिलमध्ये पडून असतो. तो नाल्यापर्यंत पोहोचत नाही, कारण धान हा एका खात्याचा विषय आणि बंधारा दुसऱ्या. पाण्यात सतत बुडालेले तागाचे पोते फाल्गुनापर्यंत टिकेल का, ही शंका रास्त आहे. खंदकांतील पोत्यांचा अनुभव तर प्रतिकूलच आहे. परंतु बंधाऱ्याच्या पाण्याकडील बाजूला चिकणमातीचा लेप दिला जातो, आतील पोती दाबाखाली असतात, आणि तोवर माती बसलेली असते. दुहेरी गोणपाट, किंवा केवळ पाण्याकडील एका थरास काथ्याची पोती, असे पर्याय एका हंगामात तपासून पाहता येण्याजोगे आहेत. त्यासाठी प्रयोगशाळेची नव्हे, नोंदवहीची आवश्यकता आहे.

काथ्याचे आगमन :

२०२० मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात काथ्याच्या भूवस्त्रांना मान्यता दिली. देशभरातील १६७४ किलोमीटर रस्ते या पद्धतीने करण्याचे जाहीर झाले व त्यांत महाराष्ट्राचा वाटा ३२८ किलोमीटर होता. काथ्याची निवड शास्त्रीय दृष्ट्या समर्थनीय आहे. नारळाच्या सोडणातील धाग्यात लिग्निन हा कठीण घटक तागाच्या मानाने दुपटीहून अधिक असतो. म्हणून ताग एक-दोन पावसाळ्यांत विरतो, तर काथ्या तीन-चार वर्षे तग धरतो. चिकणमातीच्या पायावर तेवढा अवधी पुरेसा आहे. उंच आधारभिंती, महामार्गांचे मोठे भराव, जेथे ताण कायमचा आहे, तेथे मात्र नैसर्गिक तंतूचा आग्रह धरणे धोक्याचे ठरेल. जुन्या तंत्राविषयीच्या प्रेमापोटी हा भेद पुसला जाऊ नये.

या योजनेतील रस्त्यांच्या देखभालीची जबाबदारी बांधकामानंतर पाच वर्षे कंत्राटदारावर असते. काथ्या त्या पाच वर्षांच्या आतच संपणार, हे गृहीत आहे. म्हणजे सहाव्या वर्षी रस्ता ज्या मातीवर उभा असेल ती माती निथरून घट्ट झाली की नाही, यावर सर्व काही अवलंबून राहील, आणि त्याच वर्षी रस्त्याची जबाबदारी बदललेली असेल. चिकणमातीच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्याचा पाया निथरण्यासाठी दोन्ही बाजूंची गटारे मोकळी राहावी लागतात. देवरी-चिचगड भागात शेतकरी बांधीत पाणी धरण्यासाठी रस्त्यालगतचा धुरा उंच करतो आणि गटार बुजते. त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण धानाला पाणी हवे. रस्त्याला ते नको आहे. पूर्वीच्या काळी अशा दोन परस्परविरोधी गरजांचा निवाडा गावातच होई आणि तो वाजिब-उल-अर्जात लिहून ठेवला जाई, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत अडवायचे आणि पाट कोणी मोकळा करायचा यासह. ग्रामसडकेच्या कागदपत्रांत काथ्याचे वजन, विणीचे माप आणि ताणशक्ती यांची नोंद असते. गटार कोणी उपसायचे याचा रकाना त्यात ग्रामपंचायतीच्या नावाने घालता येईल, आणि काथ्या जिवंत आहे तोवरच, म्हणजे पहिल्या तीन पावसाळ्यांत, तो भरून घेतला पाहिजे.